व्यसन घरात आणि मूलही घरात

दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देणे हे सोपे काम आहे. समोर बसलेली मंडळी माना डोलावतात, वक्ता आवाज चढवितो, शेवटी टाळ्या पडतात. आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चाललेला असतो ते लोक त्या वेळी भलत्याच ठिकाणी बसलेले असतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या अशा व्यासपीठांवरून व्यसनांविरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे. ते व्यर्थ गेले असे आम्ही म्हणत नाही. परंतु आज आम्हाला त्याच विषयातला एक निराळा प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे.

आमचे आयुष्य सोलापुरात यंत्रमाग कामगार आणि विड्या वळणाऱ्या बाया यांच्या संघटनेत गेले. युनियनच्या कचेरीत माणसे येतात ती पगाराची, बोनसची, फंडाची तक्रार घेऊन. पण कागद पुढे करता करता घरची गोष्ट निघते. "दादा, फंडाचं बघालच, पण आमच्या मालकांचं पिणं कधी सुटंल ते सांगा," असे एखादी बाई विचारते. याचे खरे उत्तर कोणाजवळही नसते. दारू सुटायला काहींना सहा महिने लागतात, काहींना सहा वर्षे, आणि काहींची सुटतच नाही. म्हणून आम्ही उलट विचारू लागलो, "अक्का, ते सुटंल तवा सुटंल. आज रात्री लेकरू कुठं निजणार?"

हा दुसरा प्रश्नच आजचा विषय आहे. व्यसनी माणसाचे काय करावे याचा विचार समाजाने पुष्कळ केला. ते व्यसन ज्या घरात आहे, त्याच घरात एक मूलही आहे. मधल्या काळात त्याचे काय, याचा विचार मात्र थोडा झाला.

पट्ट्याला जाळी

कारखान्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना ही गोष्ट समजावी लागत नाही. फिरत्या पट्ट्यात कामगाराचा हात सापडला, किंवा मागावरचा धोटा उडून कोणाच्या डोळ्याला लागला, की पूर्वी मालक म्हणत, "त्याने लक्ष द्यायला हवे होते." कामगार चळवळ म्हणाली, माणूस आहे, दहा तासांत एकदा त्याचे लक्ष जाणारच, तुम्ही पट्ट्याला जाळी का बसविली नाही? अखेर १९४८ च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी मालकावर टाकली. कामगार कधीच चुकणार नाही, या आशेवर कोणाचा हात टांगून ठेवायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व होते.

घरालाही हेच तत्त्व लावावे असे आमचे म्हणणे आहे. बाप दारू सोडील या आशेवर मुलाचा जीव टांगून ठेवू नये. सोडण्याचा प्रयत्न चालू द्यावा, परंतु जाळी आजच बसवावी.

यावर एक आक्षेप हमखास येतो. "अशाने तुम्ही पिण्याला मोकळीक देता. मूल शेजारी निजवा म्हणजे बाप खुशाल प्यायला मोकळा!" हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. यंत्राला जाळी बसविल्याने कोणी निष्काळजीपणाचे समर्थन करीत नाही. शिवाय अनुभव असा आहे, की "दारू सोडा" हे शब्द ऐकताच जो बाप उठून जातो, तोच "पोराला काही होऊ नये असं वाटतं ना?" एवढे विचारले तर बसून राहतो. आपले मूल जळावे, बुडावे, घुसमटावे असे पिणाऱ्यालाही वाटत नाही. तुमचे आणि त्याचे जिथे एकमत आहे अशी ही बहुधा एकच जागा असते. बोलणे तिथून सुरू करावे, एवढेच आम्ही म्हणतो.

बाळागोळीचा धडा

आईबापांना उपदेश करण्यापूर्वी एक जुनी हकीकत लक्षात ठेवणे जरूर आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बायका काम करीत. तान्हे मूल घरी टाकून त्यांना पहाटे पाळीवर जावे लागे. मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी चाटवीत. तिला बाळागोळी म्हणत. १९२० च्या दशकात सरकारने गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ही चाल किती सर्रास होती हे कागदावर आले. अफूने भूक मरते, श्वास मंदावतो. मूल रडत नाही म्हणून त्याला कोणी पाजीत नाही. मात्रा जरा अधिक झाली तर ते झोपेतच जाते.

त्या वेळच्या पुष्कळ सुशिक्षितांनी याचा अर्थ असा लावला, की या बायका अडाणी आहेत, त्यांना ज्ञान दिले पाहिजे. कामगारांच्या बाजूने विचार करणाऱ्यांनी विचारले, की गोळी दिली नाही तर त्या मुलाला सांभाळणार कोण? ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-भत्त्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदेमंडळात तसेच विधेयक आले, त्याला १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती-भत्त्याचा कायदा झाला. १९४८ च्या कायद्याने मोठ्या संख्येने स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघराची सक्ती आणली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली.

या हकीकतीतून सल्ला देणाऱ्याने एकच गोष्ट घ्यावी. आई मुलाला अफू देत होती ती माया नव्हती म्हणून नव्हे; दुसरी सोय नव्हती म्हणून. तेव्हा "असे करू नका" हे वाक्य बोलण्यापूर्वी "मग काय करू?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या खिशात आहे काय, हे तपासून पाहावे. नसेल तर आधी ते शोधावे.

धोका नेमका कशाचा?

आता व्यवहाराकडे वळू. व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दारूची बाटली येते. परंतु घरातल्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर यादी निराळी होते.

पहिली तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातली शंभरात सव्वीस-सत्तावीस प्रौढ माणसे तंबाखू वापरीत होती, आणि त्यांतली बहुतेक न ओढता, म्हणजे खाऊन, चोळून किंवा मिश्री लावून. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू. दात घासण्याच्या निमित्ताने ती घरात शिरली, म्हणून तिला कोणी व्यसन म्हणतच नाही. सासू सुनेला आपल्या हाताने देते. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री वा तत्सम तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस पुरे होण्यापूर्वी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि गर्भाकडे जाणारे रक्त कमी पडते. ज्या घरात नवा पाहुणा येणार आहे, तिथे मुलाच्या सुरक्षिततेची पहिली जागा ही मिश्रीची डबी आहे.

आमच्या सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. विडी कामगार बाई ब्रँचमधून पान आणि तंबाखू आणते आणि घरीच विड्या वळते. तिला स्वतःला कसलेही व्यसन नसेल. परंतु तंबाखूचे सूप मांडीवर आणि रांगते मूल शेजारी, हे चित्र घरोघर दिसते. मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. थोडी तंबाखू किंवा विडीचे एखादे थोटूकही लहान मुलाला बाधते. लाळ सुटते, उलटी होते, घाम येतो, अंग थरथरते आणि मग मूल मलूल पडते. अशा बाईला "हे काम सोडा" असे सांगणे म्हणजे तिच्या चुलीवर पाणी ओतणे. तिला सांगायचे ते असे: सूप खाली न ठेवता बाजेवर किंवा फळीवर ठेवा, तंबाखूचा डबा धान्याच्या डब्यांत ठेवू नका, केरसुणीने धूळ उडविण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घ्या, मुलाला पाजण्यापूर्वी साबणाने हात धुवा आणि पदर बदला, आणि मोजदाद भरून काढण्यासाठी पोरीला शेजारी बसवून तिच्याकडून विड्या वळवून घेऊ नका.

धुराविषयी एवढेच सांगू, की खिडकी उघडून विडी ओढल्याने काम भागत नाही. धूर खोलीभर पसरतो, कपड्यांना आणि अंथरुणाला चिकटतो. अशा घरातल्या मुलांना दमा, छातीचे विकार आणि कान फुटणे यांचा त्रास अधिक होतो. तान्ह्या बाळाच्या अचानक मृत्यूचा धोकाही वाढतो. ओढायचीच असेल तर घराबाहेर, हा नियम आजोबांनाही लागू करावा. आजोबांना सांगणे कठीण असते हे आम्हाला ठाऊक आहे. नातवाच्या नावाने सांगितले तर ते ऐकतात.

दुसरी दारू. दारूमुळे मुलाला होणारी इजा एका प्रकारची नसते. प्यालेला माणूस तान्ह्या मुलाला कुशीत घेऊन निजला, तर त्याला जाग येत नाही. त्याच्या अंगाखाली किंवा गोधडीत मूल घुसमटू शकते. घरात मोठे माणूस आहे अशा समजुतीने आई कामावर जाते, पण ते माणूस शुद्धीवर नसते. तेवढ्यात मूल पेटत्या शेगडीकडे, गच्चीच्या कठड्याकडे किंवा पाण्याच्या पिंपाकडे जाते. रांगते मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडते. प्यालेला बाप लाडाने मुलाला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून फिरवून आणतो, हाही धोकाच, आणि तो शेजाऱ्यांना गोड दिसतो म्हणून अधिक वाईट. दारू पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय तर सर्रास आहे. तहानलेले मूल बाटली ओळखते, आतला पदार्थ ओळखत नाही. लहान मुलाच्या पोटात दारू गेली की रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते. मूल पेंगू लागते आणि घरचे म्हणतात, निजू दे, उतरेल. असे निजू देऊ नये. तडक दवाखाना गाठावा.

तिसरी वस्तू औषधे. झोपेच्या गोळ्या, दुखण्याच्या कडक गोळ्या, खोकल्याची औषधे यांचीही सवय लागते, आणि ती उशाखाली किंवा पर्समध्ये असतात. रंगीत गोळी आणि खाऊची गोळी यांत तीन वर्षांच्या मुलाला फरक कळत नाही. यातच सर्दी झाली म्हणून मुलाला चमचाभर ब्रँडी पाजण्याची चाल येते. तिने सर्दी जात नाही. मूल गुंगते, एवढेच. ही आपली आजची बाळागोळी आहे, आणि ती चांगल्या खात्यापित्या घरांत आढळते.

मुलाने असे काही गिळले तर काय करावे हे प्रत्येक घरात पाठ असावे. मीठपाणी पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. रॉकेल, थिनर किंवा संडास धुण्याचे ॲसिड असेल तर उलटीने अधिक नुकसान होते. मूल शुद्धीत नसेल तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, १०८ क्रमांकाला फोन करावा, आणि जे गिळले त्याची बाटली किंवा पाकीट बरोबर न्यावे. डॉक्टरांपुढे लाजेने खोटे बोलू नये. "काय खाल्लं कोण जाणे" या एका वाक्यात फार वेळ फुकट जातो.

आईबापांशी कसे बोलावे?

सल्ला देणारा बहुधा शिक्षक असतो, आशाताई असते, अंगणवाडीची बाई असते, युनियनचा कार्यकर्ता असतो किंवा नुसता शेजारी असतो. त्याच्यासाठी काही गोष्टी अनुभवाने ठरल्या आहेत.

माणूस प्यालेला असताना बोलू नये. त्या वेळचा कबुलीजबाब, रडणे आणि शपथा यांना सकाळी किंमत राहत नाही. चार माणसांत बोलू नये. बायकोसमोर नवऱ्याचा आणि मुलासमोर आईबापाचा पाणउतारा झाला, की पुढचे सारे दरवाजे बंद होतात. मुलाला साक्षीला उभे करू नये. "सांग रे, काल बाबांनी काय केलं?" असे विचारणाऱ्या मोठ्या माणसाला कदाचित न्याय केल्यासारखे वाटते, पण रात्री त्या मुलाला त्याच घरात राहायचे असते.

आरोपाने सुरुवात करू नये, विचारपूस करावी. "तुम्ही फार पिता" असे म्हटले की उत्तर येते, "कोण म्हणतो?" त्याऐवजी विचारावे, "शनिवारी रात्री घरात कोण कोण असतं? पोरं कुठं निजतात? बाटली कुठं ठेवता? अक्का पाळीवर असल्या म्हणजे दूध कोण पाजतं?" या प्रश्नांची उत्तरे देता देता माणसाला आपले घर आपल्याच डोळ्यांनी दिसू लागते. मग विचारावे, "यातलं तुम्हाला स्वतःला काय धोक्याचं वाटतं?" जो धोका त्याने स्वतः सांगितला, त्याचा बंदोबस्त तो करतो, आपण सांगितलेल्या दहा धोक्यांचा करीत नाही.

एका भेटीत एकच गोष्ट मागावी. "आजपासून सगळे बंद" ही मागणी ऐकायला तेजस्वी वाटते, पण वाटाघाटी करणारा प्रत्येक कार्यकर्ता जाणतो, की पहिल्याच बैठकीत सर्व मागण्या मान्य करणारा मालक एकही पाळीत नाही. बाटली उंच कपाटात कुलपात जाईल, एवढे ठरले तरी ती भेट फुकट गेली नाही. आठ दिवसांनी पुन्हा जावे आणि ते झाले का ते पाहावे. झाले असेल तर मोकळ्या मनाने शाबासकी द्यावी. झाले नसेल तर का झाले नाही ते विचारावे. पुन्हा जाणे हेच या कामातले खरे कष्टाचे काम आहे.

आणि फक्त बापालाच धरू नये. घरात आजीची मिश्री, काकाचा मावा, आईच्या झोपेच्या गोळ्या असू शकतात. पिणारी आई असेल तर तिच्यावर समाज बापाच्या दसपट तुटून पडतो. म्हणून ती लपविते, आणि लपविलेल्या व्यसनाच्या घरातले मूल अधिक धोक्यात असते.

पगाराच्या रात्रीचा करार

धोका रोज सारखा नसतो. कामगारवस्तीत तो पगाराच्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या वरातीत आणि सणाला वाढतो. म्हणजे तो आगाऊ कळतो; आणि जे आगाऊ कळते त्याची तयारी करता येते. आम्ही नवराबायकोंना शुद्धीच्या दिवशी एकत्र बसवून चार गोष्टी ठरवायला सांगतो.

त्या रात्री घरात एक तरी मोठे माणूस न पिणारे असेल, आणि ते कोण, हे नावानिशी ठरवावे. दोन वर्षांखालचे मूल पिणाऱ्याच्या अंथरुणात निजणार नाही. गाडीची किल्ली अमक्याच्या हाती जाईल. आणि आवाज चढला तर मुलांनी कोणत्या घरी जायचे, ते त्या घरच्यांना विचारून आधीच ठरवावे. हे शेवटचे कलम लिहायला बापाला जड जाते. पण पुष्कळ बाप ते मान्य करतात, कारण आपण त्या वेळी कसे होतो हे त्यांनाही ठाऊक असते. शेजारच्या बाईने मध्यरात्री दार उघडले आणि काही न विचारता दोन पोरांना गोधडी दिली, तर तिने त्या रात्री एका संस्थेचे काम केले असे आम्ही समजतो.

मोठे मूल

दहा-बारा वर्षांच्या मुलाचा धोका निराळा. पहिली गोष्ट, त्याला दुकानावर पाठवू नये. "जा रे, दोन पुड्या घेऊन ये" हे वाक्य म्हणजे व्यसनाच्या शाळेतला पहिला धडा. २००३ च्या तंबाखू कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकण्यास बंदी केली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावरच बंदी आली. तरी २०१९ च्या पाहणीत देशातल्या तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी शंभरात साडेआठ तंबाखू वापरणारी आढळली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमली पदार्थांच्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट विशेष दिसली. हुंगण्याची द्रव्ये, म्हणजे व्हाइटनर, थिनर, सोल्यूशन यांसारखी, एवढा एकच प्रकार असा निघाला की ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक होते. ही द्रव्ये दप्तरात आणि पंक्चरच्या दुकानात मिळतात. मुलाच्या कपड्यांना सतत त्यांचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, अभ्यासात एकाएकी घसरण असे दिसले तर मारू नये; जवळ बसवून विचारावे आणि डॉक्टरकडे न्यावे.

दुसरी गोष्ट दिसत नाही. पिणाऱ्याच्या घरातले थोरले मूल फार लवकर मोठे होते. ते धाकट्यांना निजवते, बापाचे खिसे तपासते, आईला समजावते, शाळेत मात्र पेंगते. लोक त्याला गुणी म्हणतात. त्याच्या मनात बहुधा एक चुकीची समजूत घर करून असते, की मी नीट वागलो तर बाबा पिणार नाहीत. त्याला कोणी तरी स्पष्ट सांगितले पाहिजे, की हे तुझ्यामुळे झाले नाही, ते तुला बंद करता येणार नाही, आणि ते कोणाला सांगितले तर तू घरभेदी ठरत नाहीस. एवढी तीन वाक्ये वर्गशिक्षकाने एकदा बोलावीत.

सल्ला कुठे संपतो

सल्ल्याला मर्यादा आहे. घरची गोष्ट घरात राहील हे वचन द्यावे. पण मुलाच्या जिवाला धोका दिसला तर ते पाळणार नाही, हेही पहिल्याच भेटीत सांगावे. मुलाला मारहाण होत असेल, उपाशी ठेवले जात असेल, तर १०९८ या बालमदत क्रमांकाला कळवावे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर कळविणे ऐच्छिक नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते बंधनकारक केले आहे. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरविला आहे. गंमत म्हणून मुलाच्या ओठाला पेला लावणाऱ्या काकाला हे कलम ऐकवावे. मार खाणाऱ्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण आहे.

दुसरी मर्यादा वैद्यकीय आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने देवाची शपथ घेऊन एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत त्याला कापरे भरते, झटके येऊ शकतात, भास होतात. प्रसंगी प्राणही जातो. म्हणून "आजच सोड" असा हट्ट बायकोने किंवा पुढाऱ्याने धरू नये. दवाखान्याच्या देखरेखीखाली सोडवावी. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण काम करीत आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका गावोगाव होतात, आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. पिणारा जायला तयार नसला तरी घरच्यांना तिथे एकटे जाता येते, हे पुष्कळांना माहीत नसते.

हे एकट्या घराचे काम नव्हे

शेवटी आम्ही आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. बाळागोळी नुसत्या उपदेशाने गेली नाही. रजा, भत्ता आणि पाळणाघर यांसाठी लढावे लागले. आजही तसेच आहे. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला पाठीचे दुखणे विसरायला दारू हा सर्वांत जवळचा उपाय वाटतो. तेव्हा कामाचे तास हा बालसुरक्षेचाही प्रश्न आहे. दोन खोल्यांच्या घरात पिणाऱ्यापासून मूल दूर निजवा असे सांगणे सोपे. एकाच खोलीत सहा माणसे असतील तर कुठे निजवायचे? तेव्हा घरांचा प्रश्नही त्यात आला. संध्याकाळी सात ते दहा उघडे राहणारे एखादे पाळणाघर, अभ्यासिका किंवा वाचनालय प्रत्येक वस्तीत असेल, तर मुलांना त्या तीन तासांपुरती तरी सुरक्षित जागा मिळेल.

या सभेला आलेल्यांत कारखानदार असतील, दुकानदार असतील, शिक्षक आणि डॉक्टर असतील. कारखानदाराने पगार रोकड हातात न देता बँकेत, आणि शक्य तर शनिवारी न देता आठवड्याच्या मधे द्यावा. दुकानदाराने पोरांच्या हाती पुडी देऊ नये. शिक्षकाने पेंगणाऱ्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी रात्री झोप झाली का, एवढे विचारावे. डॉक्टरने भाजलेल्या मुलाला मलम लावताना घरी कोण होते ते विचारावे. आणि ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही त्यांनी आपल्या शेजारच्या घरात आपले दार रात्री उघडेल एवढी खात्री देऊन ठेवावी. दारूबंदीची चर्चा चालू राहील, व्हायलाही हवी. मुलांना मात्र त्या चर्चेचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही.